वरची रेघ

"ओसाड? मग माझी आई काय भुतांमध्ये बाळंत झाली?"

पेंटरची आई दोरीचं एक टोक धरून उभी होती. दुसरं टोक पेंटरकडे. तो म्हणाला, आई, दोरी ताण, भांडू नंतर. तिनं उलट ढिली सोडली. निळीत बुडवलेली दोरी भिंतीवर लोंबायला लागली.

कॉलेजच्या फाटकाशेजारची भिंत. चार वाजता पाहुणे येणार होते, त्याआधी तिच्यावर गावाचा इतिहास लिहून व्हायला हवा होता. अक्षरं झाली होती, वरच्या रेघा तेवढ्या राहिल्या होत्या. पेंटरची पद्धतच तशी. आधी अक्षरं सुटी काढायची, मग दोरीनं रेघ आखायची आणि शेवटी एका दमात ब्रश ओढायचा. जोडीदार तापानं पडला होता, म्हणून डबा घेऊन आलेल्या आईच्या हातात त्यानं दोरी दिली. तिनं दोरी धरल्या धरल्या एकेक अक्षर लावत वाचलं. पन्नास वर्षांपूर्वी इथे ओसाड माळ होता. कॉलेज आले आणि गाव वसले.

"तू लिहिलंस हे?"

"मी लिहीत नाही. मी रंगवतो."

मजकूर वाचायचा नाही, हा त्याचा नियम होता. वाचायला लागलं की हात चुकतो. वीस वर्षं तो पाट्या रंगवत होता. एक अक्षर चुकलं नव्हतं आणि एक वाक्य लक्षात राहिलं नव्हतं.

मग आईनं हात लांब करून दाखवायला सुरुवात केली. ती जन्मली तिथं आता ग्रंथालय. लग्न करून नांदायला गेली तिथं मुलांचं होस्टेल. पेंटर जन्मला तिथं सायकल स्टँड. कॉलेजला जागा कमी पडली की यांचं घर उठायचं. तीनदा चूल मोडली. आता बसचा शेवटचा थांबा येतो, त्याच्याही पुढं राहतात.

आवाज ऐकून इतिहासाचे सर आले. मजकूर त्यांचाच. त्यांनी आधी घड्याळ बघितलं, मग भिंत, मग म्हातारी. काय झालं मावशी, असं गोड विचारलं. तिनं सांगितलं. चाळीस घरं होती, वीटभट्टी होती, तुमच्या पहिल्या इमारतीच्या विटा आमच्याच. सर मान डोलवत होते. ढ पोरगं उत्तर द्यायला उभं राहिलं की डोलवतात ना, तशी.

लोक राहत असतील हो, ते म्हणाले, पण तशी कुठं नोंद नाही. ओसाड हा आपला मोघम शब्द आहे, एवढं मनाला लावून घेऊ नका.

"आणि ती विहीर?"

फाटकातून बाग दिसत होती. बागेत जाळी टाकलेली विहीर, आणि तिच्यावर पेंटरनंच कधीतरी रंगवलेली पाटी. प्राचीन विहीर.

"ती आहे की नोंदीत," सर खूश झाले.

"माझ्या बापानं खणली ती. मी वर उभी राहून माती ओढायचे. म्हणे प्राचीन." तिनं दोरी मुठीला गुंडाळली. "माळ ओसाड होता, तर विहीर कुणी खणली? माळानं?"

फाटकावरचा वॉचमन हसला. सरांनी बघितल्यावर खोकला.

मग सरांचा आवाज बदलला. ते पेंटरकडे वळले. आईला बाजूला घे, सांगितलंय तेवढं कर, वेळ नाही.

"आणि एक लक्षात ठेव. हे कॉलेज नसतं तर तू आज कुठं असतास?"

"घरी," आई म्हणाली.

पेंटरनं आपलं टोक भिंतीला लावलं. म्हणाला, "आई, दोरी धर."

तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि दोरी ताणली. त्यानं ती दुसऱ्या हातानं खेचून सोडली. भिंतीवर निळी सरळ रेघ उठली. मग तो स्टुलावर चढला, ब्रश भरला आणि ओठ हलवत वाचायला लागला. सर म्हणाले, वाचतोस काय, ओढ.

त्यानं ओढली. 'पन्नास'वरून, 'वर्षांपूर्वी'वरून, 'इथे'वरून. 'ओसाड'पाशी ब्रश खाली उतरला, शब्दाच्या कमरेतून आरपार गेला आणि 'माळ' आल्यावर परत निळीवर चढला. हात जरासुद्धा हलला नाही.

हे काय केलंस, हे काय केलंस, सर एवढंच म्हणत राहिले. खालची ओळ अजून बिनछपराचीच होती.

पेंटरनं ब्रश पुसला. आईच्या मुठीची दोरी सोडवली, डबा उचलला.

"मजकूर वाचला, सर. वाचलं की चुकतं माझं," तो म्हणाला. "निघायला हवं आता. घर लांब गेलंय."