सातच्या गप्पा

शहराच्या एका टोकाच्या पांडेसऱ्यातला राघो आणि दुसऱ्या टोकाच्या कोसाडचा कुंदन, दोघांचं उभं आयुष्य कापड विणायच्या लूमवर गेलं. एकदा शहरात पूर येऊन फोन बंद पडले, त्यानंतर दोघांनी घरून बिनतारी बोलायच्या हॅम रेडिओचं लायसन काढलं, तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला सेटवर त्यांच्या गप्पा चालायच्या.

लूमच्या खडखडाटाने वर्षभरापूर्वी राघोचे कान पार गेले. गप्पा बंद पडतील या धास्तीने त्याने कुंदनला कळू दिलं नाही. सेटवरचा हिरवा दिवा विझला की कुंदनचं बोलून झालं असं समजून तो "हाव ना भाऊ, खरंय" म्हणायचा आणि आपल्या घरचं सांगायला लागायचा.

शेवटी त्याने कुंदनला मोबाईलवर लिहून पाठवलं, "पूर आला की टॉवर बंद पडतात. आपल्या दोन गच्च्यांमध्ये लिहून बोलायची वायरलेस लिंक टाकू." नवं सामान झेपणारं नव्हतं, म्हणून त्याने भंगारवाल्याकडचे दोन जुने राउटर सुचवले. एरवी जुन्या वस्तूला नाक मुरडणाऱ्या कुंदनने लगेच "चालेल" लिहिलं, आणि गच्चीवर लावायला दोन सेकंडहँड डिश अँटेनाही स्वतःच शोधून आणल्या.

रविवारी लिंक जुळली. आता खरं काय ते सांगून टाकावं म्हणून राघो लिहायला बसला, तेवढ्यात कुंदनचा पहिला मेसेज स्क्रीनवर उमटला.

"राघो, सुटलो रे बाबा! दोन वर्षांपासून मला काहीच ऐकू येत नाही. तू रोज काय सांगायचास?"