स्टँडबाय

“पार्सलचं विमान, मनोरा बोलतोय. उत्तर द्या.”

भिंतीवरच्या स्पीकरमधून नुसती खरखर आली. त्याने तिसऱ्यांदा हाक मारली. तरी खरखरच.

“आत्तापर्यंत माझ्याशी व्यवस्थित बोलत होती की,” सहकारी म्हणाला. अकराला पाळी बदलली होती. सहकाऱ्याने खुर्ची याच्या हवाली करून पाच मिनिटंही झाली नव्हती. “तुम्ही काय सांगितलंत?”

“काय सांगणार? धावपट्टीवर गवत कापायचं यंत्र आडवं आहे. स्टँडबाय म्हटलं.”

स्टँडबाय म्हणजे थांबा, मी सांगतो. मनोऱ्यातल्या माणसाच्या तोंडी हा शब्द दिवसातून शंभरदा येतो.

विमान त्याची एकुलती एक लेक चालवत होती. तीन वर्षांपूर्वी जावयाचं विमान धुक्यात असंच वर घिरट्या घालत होतं, तेव्हाही खुर्चीत हाच बसला होता. नियमाप्रमाणे त्याने थांबायला सांगितलं आणि इंधन संपून जावयाचं विमान कोसळलं. चौकशी समितीने त्याला निर्दोष ठरवलं. लेकीने ठरवलं नाही. त्या दिवसापासून तिने बोलणं टाकलं. फोन करायची तो फक्त आईला. तिचं विमान त्याच्या पाळीत कधी येत नसे. याला तो योगायोग म्हणायचा. आज पाळ्या ऐनवेळी बदलल्या होत्या.

“रेडिओ गेला तिचा,” तो म्हणाला.

सहकाऱ्याने रडारच्या पडद्यावर बोट ठेवलं. “रेडिओ गेला तर वैमानिक आत त्याचा ठरलेला सांकेतिक आकडा लावतात, साहेब. तो इथे दिसायला हवा. तिने लावलेला नाही.”

“घाबरली असेल पोर! वर एकटी आहे. आकडे कसले आठवतात अशा वेळी?”

सहकाऱ्याने बोट मागे घेतलं. बापाशी कोण हुज्जत घालणार?

आता उरला होता सिग्नलचा दिवा. रेडिओ बंद पडला की मनोऱ्यातून दिवा दाखवायचा आणि वैमानिकाने तो बघून वागायचं. त्याने हुकावरचा जड दिवा उचलून काचेला लावला. यंत्र अजून पट्टीवरच होतं, म्हणून आधी लाल दाखवावा लागला. लेकीला पुन्हा थांबच म्हणायचं होतं.

विमानाने मुकाट्याने आणखी एक फेरी घेतली.

“बघतेय! दिवा बघतेय ती!” तो ओरडला. “यंत्र काढा म्हणावं त्या गवतवाल्याला, ढकलून काढा हवं तर!”

यंत्र गवतात उतरलं. त्याने हिरवा लावला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. दूरवर विमानाने पंख डावी-उजवीकडे हलवले. समजलं, असा त्याचा अर्थ. तीन वर्षांत लेकीने बापाला दिलेलं हे पहिलं उत्तर. त्याचे डोळे भरून आले.

वारा आडवा होता. विमान एका बाजूला कललं, सावरलं, एक चाक टेकलं, मग दुसरं. पट्टीच्या अर्ध्यावर येईपर्यंत त्याने श्वास सोडला नाही.

“उतरली!” तो मटकन खुर्चीत बसला. “मी उतरवलं तिला. आता तरी बोलेल रे माझ्याशी. बोलेल ना?”

“न बोलायला काय झालं? जा साहेब, खाली जाऊन भेटा. मी बसतो इथे.”

त्याने बाहीने तोंड पुसलं, शर्ट नीट खोचला आणि जिन्याचं दार उघडलं. मागे सहकाऱ्याने खुर्ची ओढून घेतली आणि सवयीने माइक तोंडाशी धरला. “डावीकडे वळ, चार नंबरला लाव.” बोलून झाल्यावर आपण बंद रेडिओशी बोलतोय हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो स्वतःशीच हसला.

स्पीकरमधून लगेच स्वच्छ आवाज आला, “चार नंबर, दादा. उठले वाटतं ते खुर्चीतून?”