तेवीस घरांची नावं

"पुन्हा वही घेऊन फिरतोयस?" क्वाटीनं विचारलं.

लेसी पायरीवरच थांबला. "सवय आहे, मावशी."

"शेजारच्या जिनसीला तिच्या पोरांची वयं कशाला विचारलीस?"

"सहज."

क्वाटी कानुचीच्या सारासाठी रानअक्रोड कुटत होती. मुसळ तिनं खाली ठेवलं नाही. लेसी तिच्या बहिणीचा मुलगा. बहीण गेल्यावर तिनंच वाढवलेला. इंग्रजी शिकला आणि टालेक्वा गावच्या वाटप-कचेरीत दुभाष्या म्हणून लागला. चेरोकी जमातीच्या सामाईक जमिनीचे अमेरिकी सरकार माणशी तुकडे पाडत होतं. उरेल ती गोऱ्यांना. डोंगरातल्या तेवीस घरांनी पवित्र अग्नीपुढे ठरवलं होतं, वाटपाच्या यादीत नाव द्यायचं नाही.

"दोन महिने झाले, कचेरीचं माणूस इकडं फिरकलं नाही," ती म्हणाली. "पलीकडच्या खोऱ्यात रोज घोडी येतात. आमचं काय ते त्यांना घरबसल्या मिळालं वाटतं?"

"येत नाहीत ते बरंच की."

"माझ्या डोळ्यांत बघून बोल."

त्यानं बघितलं नाही. "थोडे दिवस कुणाला काही विचारू नकोस, मावशी. एवढं ऐक."

क्वाटीला जे कळायचं ते कळलं. शनिवारच्या बैठकीत लेसीला वाळीत टाकलं गेलं. ठराव तिनंच मांडला. निघण्याआधी तो तिच्या दारात हिवाळ्यापुरतं सरपण फोडून गेला.

तिला ते जाळवेना.

सोमवारी ती अठरा मैल चालत कचेरीत गेली. कारकून गोरा होता, शेजारी म्हातारा चेरोकी दुभाष्या.

"आमच्या खोऱ्यानं नावं दिलेली नाहीत," ती म्हणाली. "चोरून मिळवलीत ती खोडा. माझ्यादेखत."

"कुणाकुणाची?"

क्वाटीनं ओढ्याकाठच्या पहिल्या घरापासून सुरुवात केली. म्हातारी, कर्ती, पोरं, तान्ही. एकही सुटू नये म्हणून सावकाश, वयांसकट. कारकून जुन्या शिरगणतीच्या यादीशी पडताळत भराभरा लिहीत होता. मध्येच दुभाष्याचा आवाज अडखळला.

"थांबू नका, दादा," ती म्हणाली. "सगळी सांगा त्याला."

शेवटी तिनं स्वतःचं नाव सांगितलं. "झाली. आता खोडा."

दुभाष्या हळूच तिच्याकडे वाकला.

"ती खोडलेलीच होती, बाई," तो म्हणाला. "लेसीनं नावावयांसकट शपथेवर लिहून दिलं होतं, अख्खं खोरं देवीच्या साथीत मेलं म्हणून."