दुर्बिणीतला सरळ माणूस

अरण्यातल्या तळ्याचा पल्याडचा काठ नकाशावर घ्यायचा होता. माझा धाकटा भाऊ तिथे निशाण धरून एकटाच उभा होता.

आमच्या मोजणीच्या दुर्बिणीत सारे जग उलटे दिसते. झाडे आभाळातून लोंबतात, माणसे डोक्यावर उभी असतात. वीस वर्षांत डोळा त्याला सरावला आहे.

"दादा, आटप ना! हात पार भरून आले," पाण्यावरून त्याची हाक आली.

मी काच पुसून पुन्हा पाहिले. "शेजारी कोण आहे रे?"

"इथे? अस्वलसुद्धा फिरकत नाही!"

उलट्या भावाला खेटून एक माणूस सरळ उभा होता.

"निशाण टाक आणि पळ!" मी ओरडलो.

दुर्बिणीला पुन्हा डोळा लावला, तेव्हा दोघेही सरळ उभे होते.