गलोश कुणाचे?

"हे कार्ड कुणाचं?" संचालकांनी विचारलं.

शब्दकोशासाठी लिहिलेल्या त्या कार्डावर शब्द होता 'गलोश'. लेनिनग्राडच्या चिखलात बुटांवर चढवायचे रबरी जोडे. खाली उगम दिला होता: फ्रेंचांकडून आलेला शब्द.

कार्ड कोशात काम करणाऱ्या रईसानंच लिहिलं होतं. ते साल एकोणपन्नासचं. परक्यांची आरती ओवाळल्याचा ठपका बसला, की नोकरी जायची. कधी कधी माणूसही. त्यात निनावी पत्र आलेलं: कोशाचे प्रमुख ल्यूतिकोव हाताखालच्यांवर दडपण आणून रशियन जोड्यांना परदेशी बाप चिकटवतात.

"मजकूर माझा," म्हातारे ल्यूतिकोव उठून म्हणाले. "मुलींनी नुसता उतरवला. पत्रात आहे ते खरं आहे."

"आपल्या भाषेत शब्द नव्हता?"

"एका देशाभिमान्यानं काढला होता. 'मोक्रोस्तुपी', म्हणजे ओल्यात पाय टाकणारे. लोक हसले आणि गलोशच घालत राहिले."

कुणी हसलं नाही. एकटा झोतोव, ल्यूतिकोवांचाच जुना विद्यार्थी, मान खाली घालून हसला. रईसानं ते पाहिलं; पत्र यानंच लिहिलं, असं तिला वाटलं. पण स्वतः मात्र शब्द काढला नाही.

तासाभरात ल्यूतिकोवांना नोकरीवरून घालवून दिलं. जाताना त्यांचे गलोश खुंटीखालीच राहिले. बाहेर बर्फ वितळून गुडघाभर राड झाली होती.

संध्याकाळी ते गलोश आणि काळा पाव घेऊन रईसा त्यांच्या खोलीवर गेली. ते गरम पाण्यात पाय सोडून बसले होते. पलंगापाशी लोकरी मोजे, साबण असं एक गाठोडं, अटक झालीच तर न्यायला, बांधून ठेवलेलं.

"ग्लेब अर्कादिच," ती ल्यूतिकोवांना म्हणाली, "मला माफ करा. मी गप्प बसले."

"बरं केलंस. चहा घे."

"पण तुम्ही गेल्यावर त्या झोतोवला सोडलं नाही! सगळ्यांदेखत म्हटलं, घरभेद्या, ज्यानं तुला शिकवलं त्याच्याच मुळावर उठलास?"

ल्यूतिकोव दचकले. "काय म्हणाला तो?"

"काय म्हणणार? पांढराफटक पडला."

"उद्या सकाळी पहिल्यांदा त्याची माफी माग."

"माफी? त्याची? त्याच्या पत्रानं तुम्ही बुडालात!"

म्हाताऱ्यानं पाय पुसले, सावकाश.

"तपासणीवाले या आठवड्यात येऊन कार्डांवरची हस्ताक्षरं ताडून बघणार होते, म्हणजे तुझ्यापर्यंत पोचले असते. त्यांना एक माणूस हवा होता, पोरी. शनिवारी ते पत्र मीच पेटीत टाकलं."