दुसऱ्यांदा आमेन

प्रार्थना पुन्हा म्हणायला लावणारा माणूस वर्लीन पिकेटनं बहात्तर वर्षांत पाहिला नव्हता. आज पाहिला. छपराखाली, वाढलेल्या ताटासमोर काळा चष्मा लावून बसलेला, आणि वर म्हणतोय, “मिस वर्लीन, आणखी एकदा होऊन जाऊ दे. मघाशी उजेड बरोबर नव्हता.”

“देवाला दिसलं,” वर्लीन म्हणाली.

“त्याला दिसणारच हो. लोकांना दिसायला पाहिजे ना.” कोच हसला. त्याच्यामागे त्याच्यावर फिल्म काढायला आलेले कॅमेरेवाले हसले.

हा कोच मार्सेलस क्रेन. एके काळी देशभरातली पोरं त्याच्या नावाचे शर्ट घालून फिरत. काळ्या माणसांनी काळ्या पोरांसाठी उभारलेल्या मिसिसिपीतल्या या लहानशा कॉलेजात तो जानेवारीत अमेरिकन फुटबॉल शिकवायला आला आणि गाव खुळावलं. ओस पडलेलं मैदान माणसांनी भरून वाहू लागलं. नवी हेल्मेटं आली, नवं गवत आलं, वर्लीन रांधते त्या कॉलेजच्या स्वयंपाकघरात भिंतभर नव्या भट्ट्या आल्या. संघ एकही सामना हरला नाही. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबासुद्धा आधी कोचचं नाव घेत आणि मग येशूचं.

आणि अकरा पोरं गेली. सगळी आसपासच्या गावांतली. कोचनं बाहेरून तयार खेळाडू आणले, त्यांना जागा हवी होती. अकरा जणांच्या फोनवर एक ओळ आली: तुझी गरज उरलेली नाही, शुभेच्छा. त्यातला एक ओडेल, वर्लीनच्या लेकीचा मुलगा. संघातून नाव गेलं तशी शिष्यवृत्ती गेली, खोली गेली. पदवीला एकच सत्र उरलं होतं. पिकेटांच्या घरातली ती पहिली पदवी झाली असती. आता तो रबरी बूट घालून कॅटफिश मासे सोलायच्या कारखान्यात दिवसभर उभा असतो. आजीला म्हणतो, “ठीक आहे गं.” ते ‘ठीक आहे’ तिला चाबकासारखं लागतं.

सामना शनिवारी. आदल्या दिवशीचं हे जेवण एकतीस वर्षं वर्लीनच्याच प्रार्थनेनं सुरू होत आलेलं. रीत एकच. ती देवापुढं एकेका पोराचं नाव घेणार, ज्याचं नाव त्यानं “हजर, मिस वर्लीन” म्हणायचं, आणि शेवटचं नाव होईतो कुणी काट्याला हात लावायचा नाही. कोंबडी गार होते तर होऊ दे.

आजचं जेवण हंगामातलं शेवटचं. पुढल्या वर्षी आपण एका मोठ्या विद्यापीठात चाललोय, हे कोचनं टीव्हीवर सांगूनही टाकलं होतं. तेव्हा पाद्रीबाबांनी वर्लीनला गाठलं. “तो तर चालला, वर्लीनबाई. त्याच्यावरचा राग तुम्ही कशाला जपून ठेवता? माफ करून टाका.” तिनं शब्द दिला. आठवडाभर पीठ मळताना ते वाक्य तिनं जिभेवर घोळवलं, कडू काढा घोळवावा तसं. आणि मघाशी, सगळी नावं झाल्यावर, म्हणून टाकलं: “प्रभू, या मार्सेलसनं माझ्या ओडेलचं जे केलं ते मी त्याला माफ करते. तूही कर.” म्हणताना ते वाक्य मध्येच अडलं. पण निघालं. खरोखर निघालं. वर्षभरात पहिल्यांदा तिला पोटभर श्वास घेता आला.

आणि हा म्हणाला, पुन्हा.

“तसंच म्हणा, आजी,” कॅमेऱ्यापाशी उभी असलेली पोरगी म्हणाली. “तो माफीचा भाग तर फारच छान होता. तिथं जरा डोळ्यांत पाणी आलं तरी चालेल.”

“मघाचं ठेवलंय ना तुम्ही?”

“नाही, पुसलं ते. कोचच म्हणाले पुसा म्हणून. त्यांच्या तोंडावर सावली पडली होती.”

वर्लीननं एप्रनला हात पुसले. मग म्हणाली, “बरं.”

तिनं डोळे मिटले. सगळ्या माना खाली गेल्या.

“प्रभू, या पोरांवर नजर ठेव. ओडेल.”

कुणी ओ दिली नाही. ‘हजर’ म्हणायला एका पोराला लागतो तेवढा वेळ ती थांबली.

“जुनियस.”

पुन्हा थांबली.

“लॅव्हेल. आर्टिस. मॅकगी, थोरला. मॅकगी, धाकटा.”

प्रत्येक नावामागे ती तेवढीच थांबत होती. कुठंतरी खुर्ची करकरली. रश्शावर साय धरली. बाहेरून आलेल्या पोरांनी ही नावं कधी ऐकलीही नव्हती, पण आपण कुणाच्या खुर्चीवर बसलोय हे एकेकाला उमगत गेलं. टेक्सासहून आलेल्या एका धिप्पाड पोरानं हनुवटी छातीला टेकवली ती वर केलीच नाही.

अकरा नावं झाली. मग तिनं समोर बसलेल्यांची नावं घेतली, एकही न गाळता, आणि पोरं हळू आवाजात हजर म्हणत गेली.

“आमेन,” वर्लीन म्हणाली आणि मोठा चमचा उचलून गरम रस्सा वाढायला वळली.

कोच उठून जवळ आला. कॅमेरा चालूच होता, त्यानं हसू सांभाळलं. “झकास, मिस वर्लीन. नावं थोडी जास्त झाली, ती आम्ही कापू. पण माझा भाग राहिला की. तेवढाच म्हणा, मागून जोडता येतो.”

वर्लीननं आवाज चढवला नाही.

“माफी पहिल्या प्रार्थनेत होती, कोच. ती तुम्ही पुसायला लावलीत.”