दहापैकी किती

"तुम्ही एक दिवस माझ्या बाबांजवळ बसून दाखवा, मग मला शिकवा!" मुलगी फोनवर ओरडली.

नर्सने हेडफोनचा आवाज कमी केला. त्या लांबट खोलीत आठ नर्स आठ पडद्यांसमोर बसल्या होत्या. घरी अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या कॅन्सर पेशंटना रोज व्हिडिओ कॉल करायचा, दुखणं विचारायचं, डॉक्टरांना सांगून औषध कमी-जास्त करायचं. एकेकीला दिवसाला छत्तीस कॉल. त्यात डोकं थंड ठेवा म्हणे! ठेवणाऱ्याने आधी खुर्चीत बसून दाखवावं.

"ताई, मॉर्फिन आहे ते. खोकल्याचं औषध नाही, तुम्ही म्हणालात आणि मी वाढवलं."

"मी म्हणते म्हणून नका वाढवू. ते उशी दातात धरून पडतात म्हणून वाढवा."

हे रडगाणं नर्सच्या ओळखीचं होतं. गेल्या वर्षी एका सुनेने असंच 'फार दुखतंय हो' करून सासऱ्यांचं औषध वाढवून घेतलं, त्यांना गुंगीत ठेवलं आणि खुशाल लग्नकार्यं करत फिरली. तेव्हापासून नर्स ताकही फुंकून पीत होती. नियम सरळ होता: दुखणं ज्याचं, आकडा त्याचा. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. पहिल्या दिवशी तिने हे मुलीला दोनदा समजावलं होतं. पेशंट आजोबांना तेव्हा झोप लागली होती.

"सोमवारी चार, मंगळवारी तीन, बुधवारी दोन, काल एक," नर्सने वाचून दाखवलं. "आकडा उतरतोय. उतरतोय हे चांगलं की वाईट?"

"खोटं आहे ते! तुमचा फोन आला की शर्टाची बटणं लावून ताठ बसतात. परक्यासमोर कण्हायचे नाहीत. फोन ठेवला की कोसळतात. मी काय वेडी आहे का, रोज तुमच्याशी भांडायला?"

"त्यांनाच द्या फोन."

"मीच धरते. त्यांच्या हातात ताकद कुठे उरलीय?"

पडद्यावर आजोबा आले. बटणं गळ्यापर्यंत लावलेली, चेहरा पांढराफटक, मान ताठ. नर्सला त्यांची थोडी धास्तीच होती. औषधांच्या वेळांचा जो कागद तिने पाठवला होता, त्यातल्या शुद्धलेखनाच्या तीन चुका दुरुस्त करून त्यांनी मुलीला त्याचा फोटो परत पाठवायला लावला होता. म्हातारा मरणाच्या दारात आणि लक्ष वेलांटीवर! नर्सने तो फोटो मैत्रिणींना दाखवून खूप हसवलं होतं.

"आजोबा, आज दहापैकी किती?"

रोज छत्तीसदा विचारून तिचा प्रश्न झिजून एवढाच उरला होता.

आजोबांनी तिच्याकडे रोखून बघितलं. गादीची कड त्यांनी मुठीत आवळून धरली होती.

"शून्य," ते म्हणाले.

"बाबा!" मुलीचा आवाज फाटला. "अहो, खरं सांगा ना! सकाळपासून किती तळमळताय!"

"मी आयुष्यात कधी खोटा आकडा दिलेला नाही."

नर्सला आतून बरं वाटलं, आणि मुलीचा संतापही आला. पाच दिवस ही बाई आपल्याला खोटं पाडतेय, आणि आता तर जन्मदात्यालाच!

"ऐकलंत?" ती म्हणाली. "बापाच्या तोंडावर बापाला खोटं ठरवताय. आपल्याला उसंत हवी म्हणून माणसाला गुंगीत ढकलायचं, याला सेवा म्हणत नाहीत, ताई. लाज वाटली पाहिजे."

मुलीने फोन आजोबांच्या चेहऱ्याच्या आणखी जवळ नेला.

नर्सने आवाज गोड केला.

"आजोबा, शून्य म्हणजे कमालच केलीत! अभिनंदन! डॉक्टरांना सांगून आजपासून दुपारची गोळी बंदच करून टाकते." आणि ती मनापासून हसली.

आजोबांनी मुलीच्या हातातून फोन ओढून घेतला. त्यांना धाप लागली होती. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, तो त्यांनी पुसला नाही.

"बाई, चाळीस वर्षं पेपर तपासले मी. वाटलं, रोज एकेक मार्क कापला तर औषध सुधाराल. पण दहापैकी शून्य मिळाल्यावर हसणारं आजपर्यंत कोणी भेटलं नव्हतं."